अपाचेची मोर्चेबांधणी : डीसीएस वर्ल्डमध्ये जमिनीवरील तुकडीला हवाई पाठबळ देताना जागा कशी निवडावी

डीसीएस वर्ल्ड या लढाऊ विमाने-हेलिकॉप्टरांच्या संगणकीय सिम्युलेटरमध्ये एएच-६४डी अपाचे मार्च २०२२ मध्ये दाखल झाले. हे हेलिकॉप्टर शिकणारे बहुतेक जण सुरुवातीचा सगळा काळ कॉकपिटमधील पडदे, लेसरचे कोड आणि लेसरच्या मागाने जाणारे हेलफायर क्षेपणास्त्र सोडण्याची पद्धत यांवर खर्च करतात, आणि ते आवश्यकही आहे. मात्र जमिनीवर लढणाऱ्या आपल्या तुकडीला क्लोज एअर सपोर्ट, म्हणजे जवळून हवाई पाठबळ, देण्याची वेळ येते, तेव्हा बटण चुकल्यामुळे हेलिकॉप्टर क्वचितच पडते. ते बहुधा चुकीच्या जागी उभे राहिल्यामुळे पडते. त्यामुळे या लेखात शस्त्रांच्या कळा बाजूला ठेवून कुठे थांबावे, कोणत्या दिशेने मारा करावा, किती वेळ दिसावे आणि कुठून निघून जावे एवढ्याच प्रश्नांचा विचार केला आहे.

उदाहरणासाठी डीसीएससोबत विनामूल्य मिळणारा कॉकेशसचा नकाशा घेऊ. पश्चिम जॉर्जियातील एंगुरी नदी धरणाच्या खाली डोंगरातून बाहेर पडते आणि झुगदिदी व गाली या शहरांच्या मधून काळ्या समुद्राकडे जाते. डोंगर संपून सपाटी सुरू होते तिथून सहा-सात किलोमीटर दक्षिणेला, नदीच्या पूर्व काठावर आपल्या सैनिकांची एक कंपनी पूल धरून बसली आहे, आणि पश्चिमेकडून टी-७२ रणगाडे, बीएमपी-२ ही चिलखती वाहने, एक शिल्का (विमानविरोधी तोफांचे वाहन) आणि एक स्ट्रेला-१० (विमानविरोधी क्षेपणास्त्रांचे वाहन) यांचा जथा पुलाकडे येत आहे, असे मिशन एडिटरमध्ये, म्हणजे मोहीम तयार करण्याच्या साधनात, मांडावे. आपले हेलिकॉप्टर सेनाकी-कोल्खीच्या तळावरून निघणार आहे.

पहिली पायरी : शत्रूच्या पल्ल्याची वर्तुळे

इंजिन सुरू करण्यापूर्वी एफ-१० कळ दाबून नकाशा उघडावा आणि शत्रूची ज्ञात वा संभाव्य ठिकाणे धरून पल्ल्याची वर्तुळे मनात किंवा कागदावर आखावीत. शिल्काच्या २३ मिलिमीटर तोफा सुमारे २.५ किलोमीटरपर्यंत परिणामकारक असतात. स्ट्रेला-१० आणि खांद्यावरून सोडले जाणारे इग्ला क्षेपणास्त्र यांचा पल्ला साधारण ५ किलोमीटर आहे. तुंगुस्का या विमानविरोधी वाहनाच्या तोफा ४ किलोमीटरपर्यंत आणि क्षेपणास्त्रे ८ किलोमीटरपर्यंत पोहोचतात, तर टोर या विमानविरोधी क्षेपणास्त्र यंत्रणेचा पल्ला १२ किलोमीटरच्या घरात जातो. रणगाड्यांना या यादीतून वगळू नये, कारण तोफेच्या नळीतून मार्गदर्शित क्षेपणास्त्र सोडणारे रशियन रणगाडे एका जागी तरंगणाऱ्या हेलिकॉप्टरवर चार-पाच किलोमीटरवरूनही मारा करू शकतात.

हेलफायरचा कमाल पल्ला सुमारे ८ किलोमीटर आहे. स्ट्रेला-१० चे ५ आणि हेलफायरचे ८ यांच्यामध्ये जो तीन किलोमीटरचा पट्टा उरतो, त्यात ६ ते ७ किलोमीटरवर आपली जागा असावी. पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला चिकटून राहू नये, कारण तिथे क्षेपणास्त्राला लक्ष्यापर्यंत पोहोचायला फार वेळ लागतो आणि दृश्यपटावर लक्ष्य ओळखणेही अवघड होते. तुंगुस्का असेल तर असा पट्टाच उरत नाही. मग अंतर हे संरक्षण राहत नाही. केवळ जमिनीचा आडोसा उरतो आणि पुढचे सगळे गणित त्यावर बेतावे लागते. टोर असेल तर माझे मत स्पष्ट आहे : तो आधी तोफखान्याने किंवा विमानांनी हटवावा आणि तोपर्यंत अपाचेने मागेच थांबावे.

दुसरी पायरी : आडोसा कुठला आणि किती दूरचा

हा या विषयाचा गाभा आहे, म्हणून येथे थोडे सावकाश जाऊ. टेकडीमागे लपायचे आणि मारा करताना डोके वर काढायचे हे सर्वांना ठाऊक असते. पण टेकडी शत्रूजवळची आहे की आपल्याजवळची, यावर जवळपास सगळे अवलंबून असते, आणि नेमका हाच हिशेब केला जात नाही.

समजा, एका टेकडीचा माथा लक्ष्यापेक्षा ५० मीटर उंच आहे आणि ती लक्ष्यापासून ५ किलोमीटरवर आहे. लक्ष्यापासून माथ्याला स्पर्श करून जाणारी दृष्टिरेषा दर किलोमीटरला १० मीटर चढते. आपण माथ्याच्या ५०० मीटर मागे असलो, तर लक्ष्य दिसण्यासाठी माथ्याच्या पातळीपेक्षा फक्त ५ मीटर वर यावे लागेल. आता दुसरी टेकडी घेऊ. तिचा माथा १०० मीटर उंच आहे, पण ती लक्ष्यापासून फक्त एका किलोमीटरवर आहे. तिच्यामागे ५०० मीटरवर असलेल्या हेलिकॉप्टरला लक्ष्य पाहण्यासाठी माथ्याच्या तब्बल ५० मीटर वर चढावे लागते. म्हणजे उंच टेकडी जास्त सुरक्षित असे वरवर वाटले, तरी शत्रूच्या जवळची उंच टेकडी आपल्याला अधिक उघडे पाडते.

याचा दुसरा परिणाम जास्त घातक आहे. टेकडीपासून ८ किलोमीटरवर, म्हणजे लक्ष्याच्याही मागे, लक्ष्याच्याच पातळीवर एखादे तुंगुस्का दडलेले असेल, तर पहिल्या उदाहरणात त्याची दृष्टिरेषा आपल्या जागी माथ्याच्या साधारण ३ मीटर वरून जाते. आपण ५ मीटर वर आलेले असतो, म्हणजे त्याच्या रेषेपेक्षा फक्त दोन मीटर वर, त्यामुळे थोडे खाली येताच त्याच्यापासून लपता येते. दुसऱ्या उदाहरणात ती रेषा माथ्यापेक्षा सुमारे ६ मीटर वर असते आणि आपण ५० मीटर वर असतो. एका रणगाड्यासाठी आपण त्याच्या मागच्या संपूर्ण परिसराला दिसू लागतो. एफ-१० नकाशावर कर्सर नेल्यास त्या बिंदूची उंची दिसते आणि मोजपट्टीने अंतर मिळते. एवढ्या दोन गोष्टींवर हा हिशेब वहीत दोन मिनिटांत होतो. तो प्रत्येक मोहिमेपूर्वी करावा, असे मला मनापासून वाटते.

एंगुरीच्या उदाहरणात उत्तरेकडच्या डोंगराच्या सोंडा लक्ष्यापासून सहा-सात किलोमीटरवर आहेत आणि नदीच्या पूर्वेकडची बाजू आपल्या ताब्यात आहे. म्हणून मोर्चाची जागा, म्हणजे मारा करण्याची जागा, तिथे सोंडेच्या मागे, उत्तरेच्या बाजूला घ्यावी. अगदी माथ्याला चिकटून उभे राहू नये. काहीशे मीटर मागे राहिल्याने पुढे-मागे सरकायला जागा मिळते, रोटरच्या वाऱ्याने माथ्यावरची धूळ उडून आपला ठावठिकाणा उघड होत नाही, आणि आडोशामागून सोडलेल्या हेलफायरला माथा ओलांडण्याइतकी उंची घेता येते. झाडांच्या रांगेला आडोसा समजू नये. झाडी गोळ्या अडवत नाही. जमीन अडवते.

आडोशातून किती बाहेर यावे लागेल हे हेलिकॉप्टरची दुर्बीण कुठे बसवली आहे यावरही ठरते. अपाचेची टीएडीएस ही लक्ष्यवेधी यंत्रणा नाकावर असल्यामुळे तिने पाहायचे तर रोटरसकट वरचा भाग उघडा पडतो. लाँगबो रडार मात्र रोटरच्या वर असल्याने फक्त त्याचा घुमट बाहेर काढून पाहणी करता येते. भारतीय हवाई दलाने ३ सप्टेंबर २०१९ रोजी पठाणकोट येथे सेवेत घेतलेल्या एएच-६४ई मध्येही हीच मांडणी आहे. ओएच-५८डी कायोवा वॉरियर या टेहळणी हेलिकॉप्टरची दुर्बीण रोटरच्या वर आहे, त्यामुळे आडोशाच्या खेळात ते सर्वांत सरस ठरते. केए-५० या रशियन हेलिकॉप्टरची श्क्वाल ही लक्ष्यवेधी यंत्रणा नाकात आहे आणि तिच्या विखर क्षेपणास्त्राला शेवटपर्यंत लेसरच्या शलाकेत ठेवावे लागते, म्हणून त्याच्या वैमानिकाला अधिक वेळ उघडे राहणे भाग पडते.

तिसरी पायरी : माऱ्याचा अक्ष आणि आपले सैनिक

क्लोज एअर सपोर्टमध्ये शत्रू आणि आपली माणसे काहीशे मीटरवर असतात, म्हणून माऱ्याची दिशा ही सोयीची नव्हे तर जबाबदारीची बाब आहे. रॉकेट आणि तोफ यांचा विखुराव डाव्या-उजव्या बाजूपेक्षा पुढे-मागे अधिक असतो. कमी उंचीवरून मारल्यास पडणाऱ्या गोळ्यांचा पट्टा माऱ्याच्या रेषेवर लांबच लांब पसरतो. आपल्या तुकडीच्या पाठीमागून तिच्या डोक्यावरून मारा केल्यास कमी पडलेला प्रत्येक गोळा आपल्याच माणसांत पडतो. शत्रूच्या बाजूने आपल्या तुकडीकडे तोंड करून मारल्यास जास्त गेलेला गोळा तोच अनर्थ करतो. म्हणून माऱ्याचा अक्ष आपल्या आघाडीच्या रेषेला शक्य तेवढा समांतर ठेवावा.

आपल्या उदाहरणात आघाडी नदीच्या बाजूने साधारण उत्तर-दक्षिण आहे. उत्तरेच्या सोंडेवरून दक्षिणेकडे मारा केला, तर पट्टा नदीच्या पश्चिम काठावर लांब पसरतो आणि पूर्व काठावरची कंपनी बाजूला राहते. आडोशाने जी जागा सुचवली तीच अक्षानेही सुचवली, हे येथे जमून आले. जिथे दोन्हींत विरोध असेल तिथे अक्षाला झुकते माप द्यावे आणि आडोसा दुय्यम मानावा.

सूर्याचाही विचार करावा. कॉकेशसमध्ये दुपारी सूर्य दक्षिणेला असतो आणि हिवाळ्यात तो बराच खाली असतो, त्यामुळे दक्षिणेकडे पाहणाऱ्या दिवसाच्या कॅमेऱ्याला त्रास होतो. सकाळची वेळ निवडल्यास तो डाव्या हाताला राहतो. मानवी खेळाडूंशी सामना असेल तर आपल्या पाठीमागे आकाश न ठेवता डोंगराची काळपट बाजू ठेवावी, म्हणजे हेलिकॉप्टरची आकृती चटकन उठून दिसत नाही.

चौथी पायरी : थांबा, वाट आणि वजन

मोर्चाच्या जागेवर थेट जाऊ नये. तिच्या चार-पाच किलोमीटर मागे, शत्रूला कोणत्याही उंचीवरून दिसणार नाही अशा दरीत थांब्याची जागा ठरवावी आणि तिथे जमिनीवरील नियंत्रकाशी बोलणे पूर्ण करावे. थांब्यापासून मोर्चापर्यंतची वाट दरी-नाल्यांतून, कमी वेगाने, झाडांच्या शेंड्यांच्या जरा वरून काढावी आणि ती उघड्या सपाटीवरून जात नाही ना हे नकाशावर पाहून घ्यावे. परतीची वाट वेगळी असावी.

वजनाचा निर्णयही येथेच होतो, कारण आडोशामागे तरंगायचे तर जमिनीच्या आधाराविना, केवळ इंजिनच्या बळावर तरंगावे लागते. कॉकपिटच्या पडद्यावरील परफॉर्मन्सच्या पानावर त्यासाठी लागणारा टॉर्क (इंजिनचे फिरवण्याचे बळ) आणि उपलब्ध कमाल टॉर्क दोन्ही दिसतात. त्यांच्यात पुरेसे अंतर नसेल तर सोळा हेलफायर घेऊन निघण्यात अर्थ नाही. या कामासाठी आठ हेलफायर आणि दोन पॉडमध्ये (रॉकेटच्या नळकांड्यांत) ३८ रॉकेट ही जुळणी मला सर्वांत समतोल वाटते. वारा शक्यतो समोरून घ्यावा, पाठीवर कधीही घेऊ नये. आडोशात परत उतरताना कलेक्टिव्ह, म्हणजे हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा दांडा, एकदम खाली ओढू नये. पुढे वेग नसताना झपाट्याने खाली आल्यास हेलिकॉप्टर स्वतःच्याच खाली ढकललेल्या हवेत अडकते आणि तेवढ्या उंचीवरून सावरायला वाव नसतो.

पाचवी पायरी : जमिनीवरील नियंत्रकाशी बोलणे

नियंत्रक काय सांगतो यापेक्षा आपण कोणत्या क्रमाने ऐकतो हे महत्त्वाचे आहे. आपले सैनिक कुठे आहेत आणि त्यांनी स्वतःची जागा कशी दाखवली आहे, हे लक्ष्याच्या आधी पक्के करावे. त्यानंतर लक्ष्याचे ठिकाण, त्याचे वर्णन, खूण, आणि बाहेर पडण्याची दिशा. डीसीएसमधील संगणकीय जेटॅक (जमिनीवरील नियंत्रक) लक्ष्याची माहिती देणारा नऊ ओळींचा संदेश देतो आणि त्याचा लेसर कोड मुळात १६८८ असतो. अपाचेचा लेसर स्पॉट ट्रॅकर, म्हणजे लेसरचा ठिपका शोधणारे यंत्र, त्याच कोडवर लावल्यास टीएडीएस स्वतः लक्ष्यावर जाऊन बसते. तरीही तिथे दिसणारे वाहन सांगितलेल्या वर्णनाशी जुळते का, आणि ते नदीच्या कोणत्या काठावर आहे, हे डोळ्यांनी तपासल्याशिवाय मारा करू नये. एकटे उडवताना पुढच्या आसनावर जॉर्ज हा संगणकीय सहकारी असतो. तो सांगितलेल्या दिशेला लक्ष्ये शोधून यादी देतो, पण नदीचा काठ तपासण्याचे काम आपलेच राहते.

सहावी पायरी : वर येणे, मारणे, लपणे

वर येण्यापूर्वी टीएडीएस लक्ष्याच्या साठवलेल्या बिंदूवर आधीच वळवून ठेवावी, शस्त्र निवडलेले असावे आणि होव्हर, म्हणजे एका जागी तरंगणे, स्थिर असावा. अपाचेमध्ये ५ नॉटपेक्षा कमी वेगात जागा धरून ठेवणारी आणि त्यासोबत उंची धरून ठेवणारी सोय आहे. तिच्यावर भरवसा ठेवला तर डोळे लक्ष्यावर राहतात. मग कलेक्टिव्ह हळूहळू उचलावा आणि लक्ष्य दिसताच थांबावे. दृश्य अधिक चांगले व्हावे म्हणून आणखी वर जाण्याचा मोह टाळावा.

सहा किलोमीटरवरच्या लक्ष्यापर्यंत पोहोचायला हेलफायरला वीस सेकंदांहून अधिक लागतात. लक्ष्यावरून परतणारे लेसरचे प्रतिबिंब क्षेपणास्त्राने आधी पकडल्यावर मग ते सोडले तर हा सगळा वेळ आपण उघडे असतो. सोडल्यानंतर प्रतिबिंब पकडण्याची पद्धत वापरली, तर क्षेपणास्त्र आडोशामागूनच सोडता येते आणि शेवटच्या दहा-बारा सेकंदांपुरते वर येऊन लेसर टाकता येतो. मात्र त्यासाठी लक्ष्याचा बिंदू अचूक साठवलेला असावा लागतो आणि हेलिकॉप्टरचे नाक लक्ष्याच्या दिशेशी साडेसात अंशांच्या आत ठेवावे लागते. आधी पकडून सोडण्याच्या पद्धतीत ही मुभा वीस अंशांची आहे. पडद्यावरची तुटक रेघांची चौकट अखंड झाली की मर्यादा पाळली गेली असे समजावे. या वीस अंशांचा एक चांगला उपयोग होतो. नाक अगदी लक्ष्यावर न रोखता दहा-पंधरा अंश बाहेर पडण्याच्या बाजूला ठेवले, तर निघताना वळण तेवढे कमी होते.

स्फोट दिसला की लगेच खाली यावे. परिणाम न्याहाळत वर राहू नये. त्याच जागी पुन्हा वर येऊ नये. आडोशातच काहीशे मीटर बाजूला सरकून दुसऱ्या जागेवरून पुढचा मारा करावा, आणि अशा तीन जागा नकाशावर आधीच ठरवून ठेवाव्यात. पहिले लक्ष्य नेहमी विमानविरोधी वाहनच असावे, फक्त एक अपवाद सोडून : एखादा रणगाडा त्या क्षणी आपल्या तुकडीवर मारा करत असेल तर तो आधी.

होव्हर शक्य नसेल तेव्हा

एका जागी तरंगून मारा करण्याची पद्धत दूरवर दिसणाऱ्या चिलखती वाहनांसाठी उत्तम आहे, पण सर्वत्र नाही. २४ मार्च २००३ रोजी इराकमध्ये करबलाच्या परिसरात मदिना डिव्हिजन या इराकी सैन्याच्या तुकडीवर निघालेल्या ३० हून अधिक अपाचेंवर वस्तीतून चारही बाजूंनी हलक्या शस्त्रांचा मारा झाला. जवळजवळ सर्व हेलिकॉप्टरांना गोळ्या लागल्या, एक गमावले गेले आणि त्याचे दोन वैमानिक कैद झाले. त्याच्या एक वर्ष आधी, २ मार्च २००२ पासून अफगाणिस्तानातील शाही-कोटच्या खोऱ्यात अपाचेंनी पायदळाला पाठबळ दिले, तेव्हा विरळ हवेत भारासह तरंगणे कठीण असल्यामुळे त्यांना धावता मारा करावा लागला. या दोन प्रसंगांतून जे शिकायचे ते सिम्युलेटरलाही लागू पडते : वस्ती, उंच प्रदेश किंवा कुठूनही गोळी येऊ शकेल अशी दरी असेल तर गतीच आडोशाचे काम करते.

धावत्या माऱ्यात साधारण ८० ते १०० नॉट वेगाने लक्ष्याकडे जावे, रॉकेट चार-पाच किलोमीटरवरून सुरू करावीत, तोफ दोन किलोमीटरच्या आत वापरावी आणि दीड किलोमीटरच्या आधी वळावे. लक्ष्यावरून कधीही उडून जाऊ नये. वळण्याची बाजू धाव सुरू करण्यापूर्वीच ठरलेली असावी, आणि ती आपल्या सैन्याच्या ताब्यातील, आडोसा असलेली बाजू असावी. एमआय-२४पी उडवणाऱ्यांसाठी तर हीच मुख्य पद्धत आहे, कारण ते जड हेलिकॉप्टर तरंगण्यासाठी घडवलेलेच नाही. मात्र समोर रडारवर चालणारी विमानविरोधी शस्त्रे असतील, तर उंचीवरून सूर मारत केलेला मारा टाळावा.

जोडीने काम

जोडीतील दोन हेलिकॉप्टर एकाच सोंडेमागे शेजारी-शेजारी ठेवू नयेत. दोघांमध्ये इतके अंतर आणि कोन असावा की शत्रूला एकाच दिशेला पाहून दोघेही दिसणार नाहीत. एक मारत असताना दुसऱ्याने मारायचे नसते, पाहायचे असते : कुठून धूर उठला, कुठले वाहन वळले. धावत्या माऱ्यात पहिला वळताक्षणी दुसऱ्याची धाव सुरू झालेली असावी, म्हणजे पहिल्याची पाठ उघडी पडत नाही. एक लेसर टाकणार आणि दुसरा आडोशातून क्षेपणास्त्र सोडणार असेल, तर दोघांच्या लक्ष्याकडे जाणाऱ्या रेषांमधला कोन ६० अंशांच्या आत ठेवावा, अन्यथा परावर्तित लेसर क्षेपणास्त्राला नीट दिसत नाही. लेसर टाकणारा सोडणाऱ्याच्या अगदी समोर, क्षेपणास्त्राच्या वाटेखालीही नसावा.

सराव कसा करावा

मिशन एडिटरमध्ये वरील मांडणी करून आधी फक्त एक शिल्का आणि दोन रणगाडे ठेवावेत. मारा न करता नुसते वर येणे, दहा सेकंद थांबणे, खाली येणे आणि बाजूला सरकणे एवढेच तिन्ही जागांवर करावे. मधून मधून एफ-७ ने शत्रूच्या वाहनाच्या दृश्यात जाऊन आपण तिथून किती दिसतो ते पाहावे. वहीतला हिशेब बरोबर होता की नाही ते तिथे लगेच कळते. नंतर स्ट्रेला-१० घालावे, शत्रूचे कौशल्य वाढवावे आणि पूर्वेकडून वारा द्यावा. मोहीम संपल्यावर टॅकव्ह्यू या उड्डाणाची नोंद दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या नोंदीत प्रत्येक वेळी आपण आडोशाच्या वर किती सेकंद होतो ते मोजावे आणि तो आकडा हळूहळू खाली आणावा. हे हाताला बसले की जॉर्जच्या जागी पुढच्या आसनावर एखाद्या मित्राला घ्यावे, कारण मागचा वैमानिक जमिनीकडे आणि पुढचा लक्ष्याकडे पाहत असताना दोघांनी एकमेकांना काय आणि केव्हा सांगायचे, हा सराव स्वतंत्रपणे करावा लागतो.